ड्रममधले जावई

नलूबाई इंगोल्यांच्या हॉलमध्ये कूलर होता आणि कूलरसमोर झाड होतं. माणसांनी बसायचं ते व्हरांड्यात.

दारव्ह्यात मे महिन्यात कूलरसमोरची जागा घरच्या कर्त्या माणसाची असते. बाबाराव इंगोल्यांचं बसस्टँडजवळ मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. सकाळभर जळक्या मोटरींमधून तांब्याच्या तारा उकलायच्या, वार्निशच्या वासात बसायचं आणि दुपारी घरी येऊन, जेवून, कूलरच्या वाऱ्यात तासभर आडवं व्हायचं, एवढंच सुख त्यांनी आयुष्याकडे मागितलं होतं. यंदा त्या जागेवर निळ्या प्लॅस्टिकचा अर्धा कापलेला ड्रम आला होता आणि ड्रममध्ये विलोचं झाड.

झाड जावयांनी आणलेलं. दीपा ही इंगोल्यांची एकुलती एक मुलगी. तिचा नवरा अमर मूळचा मारेगावचा, पण नोकरीला हिमाचलात; डोंगर पोखरून पाण्याचा बोगदा काढायचं काम चाललं होतं, तिथे इंजिनिअर. पहिल्या दिवाळसणाला दोघं आले तेव्हा अमरने सासूबाईंना शाल आणली, सासऱ्यांना सफरचंदांची पेटी आणली आणि वर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली हातभर लांबीची एक काडी आणली.

"मामी, हे विलो," तो म्हणाला. "आमच्या क्वार्टरसमोर नदीच्या काठानं रांगच्या रांग हाये. फांद्या खाली लोंबतात, पार पाण्याले टेकतात. तिकडचे लोक मजनू म्हणतात. इंग्रजीत म्हणतात रडणारं झाड."

"काहून रडते?" नलूबाईंनी विचारलं.

"रडत नाही, मामी. नुसतं तसं दिसते."

जावयाने दिलेली वस्तू म्हणून नलूबाईंनी ती काडी बादलीत उभी केली. आठवडा झाला नसेल, तिला खालून पांढरी मुळं फुटली. मग बाबारावांनी दुकानात ड्रम कापला, बुडाला ड्रिलने भोकं पाडली. आपली काळी माती ड्रममध्ये घातली तर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात वीट होते, म्हणून नलूबाईंनी तीत रेती आणि जुनं शेणखत मिसळलं. झाडाने हे सगळं आपला हक्क असल्यासारखं घेतलं आणि ते वाढायला लागलं. वर्षभरात माणसाच्या उंचीपलीकडे गेलं आणि तिथून त्याच्या बारीक फांद्या खाली वळल्या. अंगणात येणाऱ्याला पडदा सारल्यासारख्या त्या हाताने बाजूला कराव्या लागत. बाबारावांचा चष्मा त्यात दोनदा अडकला.

त्याला "जावई" हे नाव बाबारावांनीच ठेवलं. बाहेरगावहून आलेलं, ऊन सोसत नाही, सकाळ-संध्याकाळ विचारपूस लागते आणि काही कमी पडलं की लगेच तोंड पाडतं, हे सगळं पाहून त्यांना दुसरं नाव सुचेना. "जावयाले पाणी दिलं का?" असं ते चिडून विचारत आणि नलूबाई न चिडता "दिलं" म्हणत. पुढे पुढे नलूबाईही तेच म्हणू लागल्या, फक्त त्या आदराने म्हणत. घरात दोघंच माणसं, त्यामुळे घोटाळा व्हायचं काही कारण नव्हतं.

एप्रिल संपता संपता झाडाच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. निळा ड्रम दुपारी इतका तापे की हात लावता येत नसे. आत मुळं शिजत असणार. नलूबाईंनी ड्रमला ओलं पोतं गुंडाळलं, वर जुनी साडी बांधली, शेवटी गल्लीतल्या दोन माणसांना लावून ड्रम हॉलमध्ये आणला आणि कूलरसमोर ठेवला. दीपाचा फोन आला आणि "आई, विलो कसं हाये?" असं तिने विचारलं की नलूबाई म्हणत, "मजेत हाये." पोरीला नि जावयाला वाईट वाटू नये, इतकंच.

आणि मग एका सकाळी त्या उठल्या तर हॉलभर पिवळी पानं पसरली होती आणि झाडावर एकही नव्हतं.

नलूबाईंनी केरसुणी घेतली, पानं गोळा केली, खिडकीपाशी बसल्या आणि दिग्रसच्या बहिणीला फोन लावला. कूलर चालू होता. त्याचा आवाज गिरणीसारखा, त्यामुळे त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"अवं, जावईबापू गेले ना आमचे!" त्या म्हणाल्या.

खिडकीच्या पलीकडे कंपाउंडची भिंत होती आणि भिंतीच्या पलीकडे रामराव दात घासत होते.

रामराव एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. कोणता प्रवासी कुठे उतरणार, हे त्यांना त्या प्रवाशाच्या आधी आठवायचं. निवृत्तीनंतर ती सगळी काळजी त्यांनी गल्लीवर वळवली होती. ते मनाने अत्यंत चांगले होते, आणि पुढे जे काही झालं ते त्यांच्या चांगुलपणानेच झालं.

"कालपासूनच मान टाकली होती," नलूबाई ओरडून सांगत होत्या. "पार पिवळे पडले होते. पाणी पाजलं, थंड्यात ठेवलं, सारं करून पाह्यलं. सकाळी पाहतो तं काहीच उरलं नाही... नाही वं, दीपाले कायचं सांगितलं! कसं सांगू? तिच्या जिवाले किती लागन! तू बी सांगू नको. तिचा फोन आला तं मजेत हाये म्हण."

रामरावांच्या तोंडातला ब्रश तिथेच थांबला.

त्यांनी घाईघाईने चूळ भरली, शर्ट चढवला आणि बायकोला एवढंच सांगितलं, "इंगोल्याचा जावई वारला. पोरीले अजून माहीत नाही. तू कोणाजवळ बोलू नको." बायको लगेच कोणाजवळ तरी बोलायला गेली. रामराव मात्र आधी नलूबाईंकडे गेले नाहीत. अशा वेळी पुरुषाने पुरुषाकडे जावं, या विचाराने ते सरळ बाबारावांच्या दुकानात पोचले.

बाबाराव एका बोअरच्या मोटरीत डोकं घालून बसले होते. रामरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबारावभौ, जावयाचं समजलं."

बाबारावांनी मान वर केली. नलूने सकाळीच गल्लीभर सांगितलेलं दिसतं, असं त्यांना वाटलं.

"हो ना," ते म्हणाले. "गेले एकदाचे."

"एकदाचे?"

"मंग काय तं! लय ताप झालता, रामरावभौ. पिणं किती त्यांचं! बादल्यानं पेत होते."

रामराव स्टुलावर बसले. "पेत होते? आपल्याले तं कधी दिसलं नाही."

"तुमाले कायले दिसन? घरातल्या घरात चाले सारं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. नलूच पाजे."

"वहिनी पाजे?"

"लाडानं! मी म्हटलं, अवं इतकं नको पाजू, आतून सडून जातीन. आयकते का ते?"

रामरावांनी हळूच विचारलं, "मंग आता पुढचं कसं करता?"

"पुढचं काय? उद्या सकाळी घंटागाडी येते, तिच्यात देऊन टाकतो. तोडून-मोडून बसवतीन ते लोक." बाबारावांनी पकड उचलली आणि पुन्हा मोटरीत डोकं घातलं. "माझी कूलरची जागा तं मोकळी झाली, बाप्पा."

रामरावांनी स्टूल मागे सरकवलं. पण माणूस त्यांनी आयुष्यभर जवळून पाहिला होता. मोठा धक्का बसला की काही जण रडतात, काही जण गप्प होतात आणि काहींचं डोकंच फिरतं. बाबारावांचं तिसऱ्यातलं झालं होतं.

"तुमी काहीच करू नका," ते उठत म्हणाले. "सारं आमी पाहतो."

"तुमी कायले तरास घेता? एक माणूस पुरे. हलकेच हायेत आता, वाळून गेले पार."

रामराव बाहेर आले आणि कामाला लागले. पहिलं, दुकानासमोर त्यांनी दोन ओळखीची माणसं उभी केली, बाबारावांवर नजर ठेवायला. दुसरं, गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ते ॲडमिन होते. घरच्या माणसांना वाचून त्रास नको म्हणून त्यांनी बाबाराव आणि नलूबाईंना ग्रुपमधून काढून टाकलं आणि मग अमरचा लग्नातला फोटो शोधून "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकली. आणि तिसरं, त्यांचे साडू मारेगावला राहत. मुलाच्या आईवडलांना कोणी कळवलं असेल की नाही, या चिंतेने रामरावांनी साडूंना फोन केला. "घरी जाऊन सांगा," ते म्हणाले, "पण एकदम नका सांगू. हळूहळू सांगा."

साडूंनी हळूहळू सांगितलं. तरी ते दोन वाक्यांत संपलं.

इकडे नलूबाई आठवडी बाजाराला गेल्या होत्या. मन लागत नव्हतं, म्हणून त्यांनी बाजारात नेहमीपेक्षा जास्तच वेळ काढला. दोन पिशव्या घेऊन त्या घरी आल्या तेव्हा व्हरांड्यात गल्लीतल्या बायका डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने खिडकीतून आत डोकावून पाहिलं होतं आणि बाकीच्यांना कुजबुजत सांगितलं होतं, "जावयानं आणलेलं झाड बी वाळलं वं. त्याले बी समजलं." त्यावर दोघींनी डोळे पुसले होते.

नलूबाईंना पाहताच रामरावांच्या बायकोने उठून पिशव्या घेतल्या.

"नलूबाई, धीर धरा," ती म्हणाली. "जावयाचं आयकलं आमी."

नलूबाई पायरीवरच थांबल्या. एका झाडासाठी गल्लीतल्या सगळ्या बायका हातची कामं टाकून याव्यात, हे त्यांच्या अपेक्षेत नव्हतं.

"तुमी साऱ्याजणी त्यांच्यासाठी आल्या?" त्या म्हणाल्या. "मले वाटलं, हसान तुमी."

"हसू कायले, माय! असं कोणी हसते का?"

"आमचे हे हसतात ना. म्हणतात, बरं झालं, जागा मोकळी झाली."

बायकांनी जिभा चावल्या. रामरावांनी सांगितलं होतं, तसंच होतं; बाबारावांच्या डोक्यावर परिणाम झाला होता.

"दीडच वर्ष तं झालं आमच्या घरी येऊन," नलूबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "लेकरावाणी सांभाळलं. रोज ओल्या फडक्यानं अंग पुसून देत होती मी."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सासूने जावयाचं अंग पुसणं दारव्ह्यात कोणी ऐकलेलं नव्हतं. पण दुःखाच्या घरी खोलात शिरू नये म्हणून कोणी विचारलं नाही. एक म्हातारी मात्र म्हणाली, "पुण्य हाये वं तुयं."

अशी बराच वेळ मायेची बोलणी चालली. रामरावांच्या बायकोने घरून पिठलं-भाकरी आणून झाकून ठेवली, तिचं पाहून आणखी दोघींनी आणली. नलूबाईंना हे जरा जास्त वाटलं, पण लोकांचं प्रेम आहे म्हणून त्यांनी ते ठेवून घेतलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक जीप थांबली आणि तिच्यातून बेबीताई उतरल्या.

बेबीताई म्हणजे अमरची आई. मागून अमरचे वडील, बापूजी, आणि भाऊबंदांतली चार-सहा माणसं उतरली. बेबीताईंच्या डोक्यावरचा पदर घसरला होता, पायात चप्पल नव्हती. नलूबाईंना पाहताच त्यांनी हंबरडा फोडला.

"विहीणबाई, माझा अमर गेला वं!"

नलूबाई उठून उभ्या राहिल्या. विहीणबाई इतक्या लांबून, मारेगावहून, रडत आल्या होत्या आणि मुलाचं नाव घेत होत्या. म्हणजे या बायका सकाळपासून ज्याच्यासाठी बसल्या होत्या तो ड्रममधला जावई नव्हे. अमर गेला होता. सगळ्या गल्लीला माहीत होतं, फक्त त्यांना माहीत नव्हतं, आणि त्या इथे बसून झाडाचं कौतुक सांगत होत्या. पुढच्या क्षणी त्यांनी जो टाहो फोडला, तो ऐकून पलीकडच्या गल्लीतली माणसं धावली.

"आता मोकळं झालं मन," रामरावांची बायको शेजारणीला म्हणाली. "सकाळपासून रडलीच नव्हती नीट."

बाबारावांना दुकानातून बोलावून आणलं. सकाळपासून ती दोन माणसं समोर उभी का होती, हे त्यांना कळलं नव्हतं. "काय पाहिजे?" असं त्यांनी तीनदा विचारलं तेव्हा "काही नाही, उभे हाओत," एवढंच उत्तर मिळालं होतं. आता तेच दोघं त्यांना दोन्ही बाजूंनी धरून घरी घेऊन आले. दारात बापूजी उभे होते. बापूजी मारेगावकडचे कापसाचे शेतकरी, बोलायला कमी, रडायला त्याहून कमी. त्यांनी पुढे होऊन बाबारावांना मिठी मारली.

"बाबाराव, आपला अमर गेला," ते म्हणाले.

बाबाराव पायरीवरच बसले. अमरने त्यांना दर दिवाळीला सफरचंदांची पेटी आणली होती आणि त्यांनी त्याच्या नावाने रोज एका झाडाला शिव्या दिल्या होत्या. ते लहान मुलासारखे रडायला लागले, आणि दोन व्याही पायरीवर एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत बसले.

घर भरलं. गल्ली भरली. कोणी पाणी दिलं, कोणी नलूबाईंना वारा घातला. आतला कूलर चालूच होता, त्याच्यासमोर तो काड्यांचा सांगाडा हलत होता आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. कसं झालं, कधी झालं, हे कोणी कोणाला विचारत नव्हतं. मारेगावच्या माणसांना वाटत होतं, दारव्ह्याच्यांना सगळं माहीत आहे. दारव्ह्याच्यांना वाटत होतं, मारेगावच्यांना कंपनीतून कळलं असणार.

शेवटी रामरावांनाच पुढच्या व्यवस्थेचं पाहायचं होतं. ते बापूजींजवळ गेले.

"नागपूरपर्यंत विमानानं आणतीन का?" त्यांनी हळूच विचारलं. "कंपनीवाले काय म्हणाले?"

"कोणती कंपनी?" बापूजी म्हणाले. "मले तं कोणाचाच फोन नाही."

"मंग तुमाले कसं समजलं?"

"तुमच्या साडूनं सांगितलं ना. दारव्ह्याहून निरोप आला म्हणे."

"तो मीच देला. पण मले तं बाबारावनं सांगितलं."

बाबारावांनी रडता रडता मान वर केली. "मी? मले तं बापूजीनं सांगितलं. आता. इथीच."

पायरीवरचं रडणं थांबलं. आतलं चालू राहिलं.

"असं कसं म्हणता, बाबारावभौ?" रामराव म्हणाले. "सकाळी दुकानात तुमीच तं म्हणाले, गेले एकदाचे. बादल्यानं पेत होते. घंटागाडीत देऊन टाकतो, म्हणाले."

बापूजी सावकाश उभे राहिले. "माझ्या पोराले घंटागाडीत?"

बाबारावांनी एकदा रामरावांकडे पाहिलं, एकदा बापूजींकडे पाहिलं. मग त्यांनी हात उचलून खिडकीतून हॉलकडे बोट दाखवलं.

"ते," ते म्हणाले. "ते जावई."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. निळा ड्रम, ड्रमला ओलं पोतं, आणि पोत्याच्या वर कूलरच्या वाऱ्यात हलणाऱ्या वाळक्या काड्या. समजावून सांगायला बराच वेळ लागला, कारण प्रत्येक नव्या माणसाला ते पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत होतं. नलूबाईंना कळलं तेव्हा त्या हसल्या आणि लगेच पुन्हा रडल्या. रामराव भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्याकडे कोणीही पाहत नव्हतं, हे त्यांना सगळ्यांनी रोखून पाहण्यापेक्षा वाईट वाटत होतं.

पण बेबीताई हसल्या नाहीत.

"मंग माझा अमर कोठी हाये?" त्या म्हणाल्या. "त्याचा फोन काहून लागत नाही?"

"बोगद्यात असन," बाबाराव म्हणाले. "आत रेंज नसते."

"अन् दीपा? मी जीपमधून तिले फोन केला. म्हटलं, पोरी, धीर धर, आमी हाओत तुझ्या पाठीशी. तं ती जोरात चिरकली अन् फोनच कटला. तवापासून उचलतच नाही."

बापूजींनी कपाळावरचा घाम पुसला. "झाड मेलं म्हणून पोरगा जिता हाये," ते म्हणाले, "असं कोठी लिहिलं हाये?"

ज्या घरात घटकाभरापूर्वी सगळे खात्रीने रडत होते, तिथे आता रडावं की नाही हे कोणाला कळेना, आणि ते रडण्यापेक्षा फार अवघड होतं. बाबारावांचा फोन मध्ये स्टुलावर ठेवला होता. सगळी माणसं त्याच्याभोवती बसली. नलूबाईंनी उठून कूलर बंद केला, रिंग ऐकू यावी म्हणून. बेबीताईंनी त्यांचा हात धरला.

फोन वाजला तेव्हा तो तिघांनी एकदम उचलला आणि खाली पाडला.

"मामाजी," फोनमधून जमिनीवरून आवाज आला, "मी अमर बोलून राह्यलो. मले एक सांगा, मी कधी मेलो?"

बेबीताई त्या फोनवर जवळजवळ आडव्याच झाल्या. पहिली काही मिनिटं कोणालाच काही सांगता किंवा ऐकता आलं नाही. मग अमरने तिकडचं सांगितलं. आईचा रडका फोन येताच दीपाला वाटलं, बोगद्यात काहीतरी झालं आणि कंपनीने आधी मारेगावला कळवलं. ती फोन तिथेच टाकून क्वार्टरमधून धावत बोगद्याच्या तोंडाशी गेली आणि पहारेकऱ्याला म्हणाली, "आत माणूस मेला!" पहारेकऱ्याने भोंगा वाजवला. काम थांबलं, दिवे लागले, आतली सगळी माणसं बाहेर काढली. अमर स्वतः टॉर्च घेऊन अडकलेल्या माणसाला शोधायला पुन्हा आत गेला होता. बराच शोधला, सापडला नाही. बाहेर आल्यावर त्याला कळलं की शोधायचा माणूस तो स्वतःच होता.

"साहेब लय तापले होते," अमर म्हणाला. "मंग दीपाले पाह्यलं अन् काही बोलले नाही. पण मामाजी, तो श्रद्धांजलीचा फोटो कोणी टाकला? मले इथी चौघांनी पाठवला. तोंडात जिलेबी हाये माझ्या त्याच्यात. दुसरा भेटला नाही का?"

रामराव उठून आपल्या घरात निघून गेले.

त्या दिवशी इंगोल्यांकडे चूल पेटवायची गरज पडली नाही. पिठलं इतकं जमलं होतं की मारेगावची माणसं, गल्लीतली माणसं आणि जीपचा ड्रायव्हर, सगळे व्हरांड्यात ओळीने बसून जेवले. दुपारची शोकाची भाकरी संध्याकाळी कोणी इतक्या चवीने खाल्ली नसेल. बापूजींनी तर कांदा फोडून मागितला. जेवताना बेबीताईंना हळूहळू जोर आला आणि भीतीच्या जागी राग आला.

"पण मी म्हणतो, विहीणबाई," त्या म्हणाल्या, "माझ्या पोराचं नाव झाडाले काहून देलं?"

"नाव नाही देलं, जावई म्हणतो," नलूबाई म्हणाल्या.

"जावई म्हणजे कोण? तुमाले का धा जावई हायेत?"

नलूबाईंना मुलगी एकच होती, त्यामुळे हा मुद्दा तिथेच संपला. बेबीताई ताटावरून उठल्या, हात धुतले, हॉलमध्ये गेल्या आणि झाडाच्या खोडाला नखाने ओरखडा काढला. खालून ओलसर हिरवं दिसलं.

"जितं हाये," त्या म्हणाल्या. "अन् हे घंटागाडीत टाकून राह्यले होते! माझ्या पोराच्या नावाचं झाड मी कचऱ्यात जाऊ देत नसतो. आमच्या गोठ्याजवळ हौद हाये, वर लिंबाची सावली हाये. मी नेतो."

नलूबाईंना ते द्यावंसं वाटत नव्हतं, पण त्या दिवशी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? बाबारावांनी मात्र स्वतः ड्रमचा एक कान धरला आणि एवढ्या वर्षांत कोणी पाहिली नव्हती अशी चपळाई दाखवली. झाड जीपमध्ये पुढच्या सीटच्या मागे तिरपं बसवलं. एका माणसाची जागा गेली, म्हणून बापूजी टपावर बसायला निघाले; ड्रायव्हरने त्यांना कसंबसं आत कोंबलं. जीप वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा खिडकीतून दोन-चार काड्या बाहेर लोंबत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबाराव कूलरसमोर आडवे झाले आणि त्यांना झोप लागली नाही. सवय मोडली होती.

नलूबाई रोज मारेगावला फोन करत. आधी झाडासाठी करत होत्या, मग बेबीताई म्हशीचं, शेजारणीचं, गुडघ्यांचं सांगू लागल्या आणि फोन लांबत गेले. लग्नापासून जितकं बोलणं झालं नव्हतं तितकं त्या महिन्यात झालं. झाडाला डोळे फुटले, मग पोपटी पानं आली, हौदाच्या ओलीवर ते मारेगावात दारव्ह्यापेक्षा जास्त खूश होतं. बेबीताईंनी त्याचे फोटो पाठवले. नलूबाईंना बरंही वाटलं आणि थोडं वाईटही.

एक दिवस त्या दोघी अशाच बोलत असताना मागून बापूजींचा आवाज आला. ते लांब कुठेतरी गोठ्यात असावेत, कारण ओरडून बोलत होते.

"अवं, विहीणबाईले पाणी पाजलं का? सकाळपासून तोंड पाडून उभी हाये! लय नाटकी हाये बाप्पा, जरा कमी पडलं का झाली रडारड सुरू!"

नलूबाईंनी फोन कानापासून जरा लांब धरला.

"ते..." बेबीताई घाईने म्हणाल्या, "ते तुमाले नाही, विहीणबाई. गैरसमज नका करू. ते म्हशीले म्हणून राह्यले."

नलूबाईंनी फोन ठेवला.

"काय म्हणत होत्या?" कूलरसमोरून बाबारावांनी डोळे न उघडता विचारलं.

नलूबाईंनी उठून आधी खिडकी लावून घेतली.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "सारे मजेत हायेत."